विश्लेषण : केमो, तंबाखू आणि दाताचा स्क्रू… जबड्याचे हाड साथ का सोडते?

गालाच्या किंवा जिभेच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले, केमोच्या सायकल संपल्या, रिपोर्टही बरा आला, की त्यानंतर घरात पहिला प्रश्न निघतो तो जेवणाचा. भाकरी कधी चावता येईल? परभणी जिल्ह्यात हा प्रश्न साधा नाही. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून किती दिवस खायची? कवळी बसत नाही, बसली तर टोचते. मग कुणीतरी सांगते की आता स्क्रूचे पक्के दात मिळतात. सेलूसारख्या तालुक्याच्या गावातही दातांच्या दवाखान्यांवर ‘इम्प्लांट’ ही पाटी दिसू लागली आहे. पण स्क्रू बसवायचा तो जबड्याच्या हाडात. त्या हाडाने वर्षानुवर्षे तंबाखू सोसलेली असते आणि वरून केमो. असे हाड स्क्रू धरेल का, आणि धरला तर किती काळ, हे समजून घेतल्याशिवाय खर्चात पडू नये.

स्क्रू हाडात धरतो तरी कसा?

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा छोटा स्क्रू. तो दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवतात आणि नंतर त्यावर दाताची टोपी चढवतात. टायटॅनियमच का, याची गोष्ट मजेशीर आहे. स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रॉनेमार्क १९५०च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडातील रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमचे एक बारीक उपकरण हाडात बसवले होते. प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले तर निघेना. हाड धातूला घट्ट चिकटून वाढले होते. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा एका माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तो रुग्ण २००६ मध्ये वारला, तोपर्यंत ते दात त्याच्या तोंडात काम करत होते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. स्क्रू बसवला त्या दिवशी तो जो घट्ट वाटतो, ती फक्त यांत्रिक पकड असते, लाकडात खिळा बसतो तशी. खरी पकड पुढच्या काही आठवड्यांत तयार होते. ड्रिलने दुखावलेले हाड आधी शरीर स्वतःच खरवडून काढते. हे काम ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी करतात. मग ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी येऊन तिथे नवे हाड बांधतात. पहिल्यांना पाडकामाचे मजूर म्हणा, दुसऱ्यांना गवंडी. पाडकाम आधी आणि बांधकाम मागून, त्यामुळे साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात स्क्रूची पकड उलट कमी होते आणि नंतर वाढत जाते. खालच्या जबड्याला सुमारे तीन महिने आणि वरच्या, जरा भुसभुशीत जबड्याला सहा महिन्यांपर्यंत थांबण्याची जुनी पद्धत याच कारणाने आली.

कापसाचे कोंब वर येताना पाण्याची एक पाळी चुकली तर काय होते, हे निम्न दुधनाच्या कालव्याखालच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पुढे कितीही पाणी दिले तरी ती तूट भरत नाही. स्क्रूचे हे पहिले दोन-तीन महिने तसेच असतात. तंबाखू आणि केमो दोन्ही नेमके याच काळात आडवे येतात, फक्त वेगवेगळ्या वाटांनी.

निकोटीन नेमके काय करते?

निकोटीन रक्तात गेले की शरीरात अॅड्रेनालिनसारखी रसायने सुटतात आणि बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हिरड्या आणि जबड्याच्या हाडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो. नव्या हाडाला प्राणवायू हवा, आणि त्याच्याही आधी नव्या रक्तवाहिन्या हव्यात. त्या उशिरा पोहोचतात.

दुसरा परिणाम पेशींवरच होतो. हाड बांधणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर निकोटीनला पकडणारी केंद्रे असतात. प्रयोगशाळेत फार कमी मात्रेत निकोटीन या पेशींना थोडे चाळवतेही, मात्र मात्रा वाढली की त्यांची वाढ आणि काम मंदावते. तंबाखूच्या समर्थनासाठी कुणी या अभ्यासाचा पहिला अर्धा भाग सांगू लागले, तर दुसरा अर्धा भाग त्याला सांगावा.

प्राण्यांवरच्या प्रयोगांतून एक गुंतागुंतीची गोष्ट पुढे आली आहे. सशांना आणि उंदरांना फक्त निकोटीन टोचले तेव्हा स्क्रूभोवतीच्या हाडावरचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. काही प्रयोगांत हाड कमी भरले, काहींत फारसा फरक पडला नाही. पण उंदरांना सिगारेटच्या धुरात ठेवले तेव्हा नुकसान जास्त ठळक दिसले. म्हणजे निकोटीन एकटाच गुन्हेगार नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा अडवतो आणि इतर शेकडो रसायने पांढऱ्या पेशींना दुबळे करतात. निकोटीन टोळीचा म्होरक्या असेल, पण टोळी मोठी आहे.

माणसांतले आकडे जास्त स्पष्ट आहेत. बेन आणि मॉय या संशोधकांनी १९९३ मध्ये ५४० रुग्णांतील २,१९४ इम्प्लांटचा हिशेब मांडला. धूम्रपान न करणाऱ्यांत ४.७६ टक्के स्क्रू निकामी झाले, करणाऱ्यांत ११.२८ टक्के. त्यानंतर स्क्रूचे पृष्ठभाग खूप सुधारले, सगळ्यांचेच अपयश कमी झाले. तरीही पुढच्या अनेक एकत्रित अभ्यासांत धूम्रपान करणाऱ्यांचा धोका साधारण दुप्पटच निघत आला आहे. वरच्या जबड्यात फरक जास्त दिसतो, कारण तिथले हाड मुळातच विरळ असते.

‘मी सिगारेट ओढत नाही, फक्त तंबाखू खातो’

आपल्याकडे खरी अडचण इथे आहे. देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करतात असे आढळले. त्यात धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के होते. तोंडात ठेवायची, चघळायची किंवा घासायची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. पुरुषांत हे प्रमाण ३१.७ टक्के आणि बायकांत १६.६ टक्के. म्हणजे इम्प्लांटविषयीची बहुतेक माहिती सिगारेट ओढणाऱ्यांच्या देशांतून आली आणि आपला रुग्ण मात्र पुडी खाणारा.

तळहातावर चुना लावून मळलेली तंबाखू गालात ठेवली की काय होते? चुना ते मिश्रण आम्लारिधर्मी करतो. अशा मिश्रणातले निकोटीन तोंडाच्या अस्तरातून झपाट्याने रक्तात उतरते. चुन्याशिवाय ‘लागत नाही’ असे लोक म्हणतात, त्याचे कारण हेच. सिगारेटचे निकोटीन काही मिनिटांत चढते आणि उतरू लागते. गालातला बार अर्धा-पाऊण तास झिरपत राहतो. दिवसभरात आठ-दहा बार भरणाऱ्याच्या रक्तातले निकोटीन झोपेपर्यंत फारसे खाली येतच नाही.

शिवाय बार रोज एकाच जागी ठेवायची सवय असते. त्या जागेची हिरडी मागे सरकते, मुळे उघडी पडतात, आतले हाड झिजते. रुग्ण इम्प्लांटसाठी येतो तेव्हा नेमकी तीच जागा रिकामी असते. मिसरी घासणाऱ्या बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरतच नाहीत. डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ येते, आणि ते त्यांच्या समजुतीनुसार खरेच असते. मिसरी म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच, आणि तिच्यातले निकोटीन हिरडीवर थेट घासले जाते. म्हणून दातांच्या डॉक्टरांनी नाव घेऊन विचारायला हवे : मिसरी, गुल, पुडी, गुटखा, मावा, सुपारी.

राज्यात गुटखा आणि पानमसाल्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हे पानटपरीच्या मागच्या बाजूला ठाऊक आहे. साध्या तंबाखूच्या पुडीला ती बंदी नाहीच.

केमोने हाडाचे काय होते?

केमोची औषधे भराभर विभागणाऱ्या पेशींवर मारा करतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, पण केसांची मुळे, तोंडाचे अस्तर आणि अस्थिमज्जाही तशाच. म्हणून केस जातात, तोंड येते, पांढऱ्या पेशी घटतात. हाड दगडासारखे वाटते म्हणून त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. प्रत्यक्षात हाड सतत मोडत आणि बांधले जात असते, आणि जबड्यात हे काम लांब हाडांपेक्षा जास्त वेगाने चालते. गवंडी पेशी ज्या मूळ पेशींपासून तयार होतात, त्या मज्जेत वाढतात. सिस्प्लॅटिन, डॉक्सोरुबिसिन, मेथोट्रेक्सेट यांसारखी औषधे या वाढीवर घाला घालतात. सशांवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांत, स्क्रू बसवण्याच्या सुमारास ही औषधे दिली तर स्क्रूला भिडलेले हाड कमी भरते असे दिसले आहे.

स्तनाच्या कर्करोगात आणखी एक वळण आहे. केमोमुळे चाळिशीतल्या बाईची पाळी अकाली बंद होऊ शकते. पुढे हार्मोन कमी करणाऱ्या गोळ्या काही वर्षे चालतात. दोन्हींनी हाडे विरळ होतात. उलट्या थांबवायला किंवा उपचाराचा भाग म्हणून दिलेले स्टेरॉइडही त्यात भर घालते. जबड्याचे हाड या सगळ्यांतून सुटत नाही.

पण माणसांतला अनुभव वाटतो तितका निराश करणारा नाही, आणि हे सांगितलेच पाहिजे. जर्मनीत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तोंडाच्या कर्करोगासाठी सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन आणि फाइव्ह-एफयू घेतलेल्या ३० रुग्णांच्या खालच्या जबड्यात १०६ इम्प्लांट बसवले होते. केमो न घेतलेल्यांच्या तुलनेत त्यांचे टिकणे वाईट निघाले नाही. नंतरच्या एकत्रित विश्लेषणातही केमो घेतली म्हणूनच इम्प्लांट जास्त निकामी होतात, असे ठामपणे सिद्ध झाले नाही.

मग प्राण्यांतले निष्कर्ष खोटे का? नाही. फरक वेळेचा आहे. उंदराच्या प्रयोगात स्क्रू आणि औषध एकाच सुमारास दिले जाते. माणसांत शहाणे डॉक्टर केमो संपून शरीर सावरल्यावर स्क्रू बसवतात. केमोचा घाव मुख्यतः औषध चालू असताना आणि त्यानंतर काही महिने असतो, पेशी पुन्हा उगवतात. तंबाखूचा घाव मात्र रुग्ण रोज स्वतःच्या हाताने ताजा करतो. माझ्या मते, ‘केमो झाली, आता इम्प्लांट कसले’ ही भीती जरा जास्त आहे आणि ‘तंबाखूने दाताला काय होते’ ही बेफिकिरी फारच जास्त.

दोन्ही एकत्र आले तर?

तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णात ते बहुतेक वेळा एकत्रच येतात, कारण आजार तंबाखूने आणलेला आणि केमो आजाराने. माणसांना मुद्दाम निकोटीन आणि केमो देऊन स्क्रू बसवणे कुणालाही करता येणार नाही, म्हणून हा प्रश्न प्राण्यांवर तपासला जातो. त्यामागचा तर्क सोपा आहे. केमो गवंड्यांची संख्या घटवते. निकोटीन उरलेल्या गवंड्यांकडे येणारा माल अडवते. एकाची झळ दुसऱ्याने भरून काढायची शक्यताच मिटते. त्यात पांढऱ्या पेशी कमी, लाळ कमी आणि तोंडाला छाले म्हणून ब्रश बंद, म्हणजे जंतूंना मोकळे रान.

नैसर्गिक दात दुखतो, हलतो, सूचना देतो, कारण त्याच्या मुळाभोवती संवेदना असलेला पातळ पडदा असतो. इम्प्लांटभोवती तो नसतो. हिरडी लाल होते, घासताना रक्त येते, दाबले की पू येतो, आत हाड झिजत असते आणि रुग्णाला काहीच दुखत नाही. धूम्रपान करणाऱ्यात हिरडीचे रक्त येणेही दबते, कारण रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. म्हणजे धोक्याची घंटाच काढून घेतलेली. १९८६ पासून रूढ असलेल्या निकषानुसार पहिल्या वर्षानंतर स्क्रूभोवतीचे हाड वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी झिजले तर ते यश मानतात. हे डोळ्यांना दिसत नाही, एक्स-रेत मोजावे लागते. स्क्रू हलायला लागला की रुग्ण येतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

स्क्रू आधीच बसवलेला आहे आणि आता केमो सुरू होणार…

घट्ट बसलेला, निरोगी इम्प्लांट केमोसाठी काढावा लागत नाही. त्याची साफसफाई मात्र पहिल्या सायकलच्या आधी करून घ्यावी. हलणारे, पू असलेले दातही आधीच काढावेत. दात काढल्यावर जखम भरायला केमोपूर्वी किमान १० ते १४ दिवस मिळायला हवेत. त्यामुळे कर्करोगाचे निदान झाल्याच्या आठवड्यातच दातांच्या डॉक्टरांची भेट ठरवणे शहाणपणाचे. प्रत्यक्षात ती भेट तोंडात छाले आल्यावर होते.

केमो चालू असताना नवा इम्प्लांट नको. बहुतेक औषधांत पांढऱ्या पेशी सायकलच्या सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास सर्वांत खाली जातात. त्या काळात साधे दात साफ करणेही जोखमीचे ठरू शकते. दुखणारा दात काढणे टळतच नसेल, तर पुढच्या सायकलच्या आधीचे दिवस निवडतात, रक्त तपासतात, न्यूट्रोफिल हजाराच्या वर आणि प्लेटलेट पन्नास हजारांच्या वर आहेत का ते पाहतात आणि केमो देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच हात घालतात. केमो संपल्यावर इम्प्लांटसाठी अनेक डॉक्टर सुमारे सहा महिने थांबायला सांगतात.

केमोपेक्षा मोठी धास्ती कशाची?

हाडाची इंजेक्शने आणि रेडिएशन. ‘केमो’ या एका शब्दाखाली रुग्ण आणि नातेवाईक सगळेच उपचार एकत्र करतात आणि तिथे घोटाळा होतो.

कर्करोग हाडात पसरला असेल किंवा मायलोमा असेल तर झोलेड्रॉनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅब दिले जाते. ही औषधे पाडकाम करणाऱ्या पेशींना थोपवतात. ऐकायला चांगले वाटते, पण पाडकाम थांबले की दुरुस्तीही थांबते. दात काढला किंवा स्क्रूसाठी ड्रिल केले तर जखम भरत नाही, हाड उघडे पडते आणि मरते. आठ आठवड्यांहून अधिक काळ असे उघडे हाड दिसले आणि जबड्याला रेडिएशन दिलेले नसले, तर तो औषधामुळे आलेला जबड्याचा हाडमृत्यू धरतात. २००३ मध्ये त्याच्या पहिल्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. कर्करोगाच्या मात्रेत ही इंजेक्शने घेणाऱ्याने इम्प्लांटचा विचार सोडून द्यावा, असेच बहुतेक तज्ज्ञ सांगतात. ठिसूळ हाडांसाठी वर्षातून एकदा मिळणाऱ्या मात्रेत धोका फार कमी असतो, दहा हजारांत मोजक्यांना. पण सांगायचे दोन्ही वेळा.

रेडिएशन, ज्याला गावाकडे ‘शेक’ म्हणतात, ते हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या कायमच्या बंद करते. केमोचा परिणाम ओसरतो, शेकाचा वर्षांमागून वर्षे राहतो. तोंडाच्या कर्करोगात साधारण सहा आठवड्यांत ६० ते ६६ ग्रे इतकी मात्रा दिली जाते, आणि जबड्याच्या ज्या भागाला ५०-६० ग्रेपेक्षा जास्त मिळते तिथे हाड मरण्याचा धोका वाढतो. म्हणून इम्प्लांट ठरवण्यापूर्वी कोणत्या भागाला किती मात्रा मिळाली हे रेडिएशनच्या कागदावर पाहावे लागते. गाल उजवा असेल तर डाव्या बाजूचे हाड बऱ्यापैकी सुटलेले असू शकते.

जबड्याचा तुकडाच काढावा लागला तर पोटरीतल्या दोन हाडांपैकी बारीक हाड, फिब्युला, रक्तवाहिनीसकट आणून जोडतात. त्या पायाच्या हाडातही इम्प्लांट बसतात आणि बरेच टिकतात. चालण्याला फारशी अडचण येत नाही. हे काम मोठ्या केंद्रांतच होते.

तोंडच उघडत नसेल तर?

सुपारीने गालाच्या आत पांढरे, कडक पट्टे येतात आणि तोंड आवळत जाते. गुटख्यात आणि मावात सुपारीच मुख्य. साधी चाचणी अशी : आपलीच तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. दोनच जात असतील तर स्क्रू बसवण्याचे यंत्र आणि त्यावरचा ड्रिल मागच्या दाढेपर्यंत पोहोचणारच नाही, मग हाड कितीही उत्तम असो. इम्प्लांटच्या जाहिरातीत ही गोष्ट कुठे दिसत नाही.

शरद पवार यांनी तोंडाच्या कर्करोगाशी झालेली आपली झुंज जाहीरपणे मांडलेली आहे. २०१८ मध्ये मुंबईत दंतवैद्यकांच्या संघटनेच्या कार्यक्रमात त्यांनी आपल्या सुपारीच्या सवयीचा उल्लेख केला होता. चाळीस वर्षांपूर्वी कुणी सावध करायला हवे होते, असे सांगत त्यांनी शस्त्रक्रियेत दात गेल्याचे आणि त्यानंतर तोंड उघडायला, गिळायला, बोलायला झालेल्या त्रासाचे वर्णन केले. उत्तम उपचार मिळू शकणाऱ्या माणसाचा हा अनुभव. आर. आर. पाटील यांना तर २०१५ मध्ये याच आजाराने नेले.

तंबाखू कधी सोडायची? आणि निकोटीनचे च्युइंगगम चालते का?

बेन यांनीच १९९६ मध्ये एक पथ्य सुचवले. स्क्रू बसवण्याच्या किमान एक आठवडा आधी धूम्रपान पूर्ण बंद आणि नंतर आठ आठवडे बंद. आधीच्या आठवड्यात रक्त आणि रक्तवाहिन्या जरा मोकळ्या होतात, नंतरच्या आठ आठवड्यांत हाडाचा पहिला थर तयार होतो. ज्यांनी हे पाळले त्यांचे अपयश न पाळणाऱ्यांपेक्षा कमी निघाले. हा किमान आकडा आहे. कर्करोग होऊन गेलेल्या माणसाने आठ आठवड्यांनंतर पुन्हा पुडी उघडायची, असा त्याचा अर्थ काढू नये. त्याला दुसऱ्या कर्करोगाचा धोका आहे आणि उपचार चालू असताना तंबाखू चालू राहिली तर रेडिएशनचा गुणही कमी येतो.

निकोटीनच्या गमबद्दल डॉक्टरांतही थोडी कुरकुर ऐकू येते, कारण त्यात निकोटीन असतेच. पण त्यात धूर नाही, तंबाखूतली कर्करोगकारक नायट्रोसामाइन्सची मात्रा नाही, आणि ते काही आठवड्यांत कमी करत बंद करायचे असते. पुडी आणि गम यांत निवडायचेच असेल तर गम. स्क्रू बसवण्याच्या तारखेआधीच त्याची मात्रा उतरवत आणली तर आणखी बरे. तोंडात छाले असताना किंवा गालाला नुकते टाके पडलेले असताना मात्र गम चघळू नये. सोडताना मदतीसाठी केंद्र सरकारचा मोफत फोन १८००-११-२३५६ आहे. हाच नंबर तंबाखूच्या पुडीवरही छापलेला असतो.

सेलूतून हे सगळे जमवायचे कसे?

कर्करोगाच्या उपचारासाठी सेलूकर सहसा रेल्वेने छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय गाठतात, काही जण बार्शीला किंवा थेट मुंबईला टाटात जातात. बार्शीला देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालू आहे, ती उगीच नाही. दातांसाठी परभणीत सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आहे, संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. म्हणजे केमो एका गावात, दात दुसऱ्या गावात आणि रुग्ण तिसऱ्या गावात. दोन डॉक्टर एकमेकांना कधी भेटत नाहीत. त्यांच्यामधला एकमेव दुवा म्हणजे नातेवाइकाच्या हातातली प्लॅस्टिकची फाइल.

त्या फाइलमध्ये डिस्चार्ज कार्डाबरोबर तीन गोष्टी असतील तर इम्प्लांटचा निर्णय निम्मा सोपा होतो : केमोच्या औषधांची नावे आणि शेवटच्या सायकलची तारीख, हाडाचे इंजेक्शन दिले असल्यास त्याचे नाव आणि मात्रा, आणि रेडिएशनचा तपशील. सोबत अलीकडचा रक्ताचा रिपोर्ट आणि साखर. मधुमेह नियंत्रणात नसेल तर वरची सगळी चर्चा बाजूला ठेवून आधी साखर आणावी लागते.

खर्चाचाही हिशेब स्पष्ट हवा. आरोग्य विम्यात इम्प्लांट सहसा धरत नाहीत, एका दाताला हजारो रुपये लागतात आणि स्क्रू निघाला तर हाड भरायचा खर्च वेगळा. ज्याची तंबाखू सुटलेली नाही त्याला दोन-चार इम्प्लांटवर पैसे घालण्यापेक्षा नीट बसणारी कवळी आणि सहा महिने तंबाखूमुक्त राहण्याची मुदत हा सौदा परवडतो. इम्प्लांटची वेळ जात नाही, ते एका वर्षानेही बसवता येते. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोनच स्क्रू बसवून त्यावर कवळी अडकवण्याची पद्धतही आहे. पुढचे हाड दाट असते, खर्च कमी लागतो आणि भाकरीचा तुकडा तोडता येतो.

आणि इम्प्लांट बसवलाच, तर डॉक्टरांकडून त्याचे स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, स्क्रूची जाडी, लांबी आणि बॅच नंबर असतो. बसवल्याची तारीख आणि जागा स्वतः लिहून ठेवा. पुढे कधी स्क्रू सैल झाला तर दुसऱ्या गावच्या डॉक्टरला योग्य भाग मागवता येतो. पुन्हा रेडिएशनची वेळ आलीच तर ते देणाऱ्यांना तोंडात धातू आहे हे आधी कळायला हवे, कारण धातूवरून उसळलेले किरण लगतच्या काही मिलिमीटर भागाला जास्त मात्रा देतात आणि त्यांना त्याप्रमाणे आखणी बदलावी लागते.